फुंकोबाचं कवच

घाटाखालच्या रेल्वेच्या गावात लोक तोटी पिळत, हंडा भरून घेत आणि तोटी बंद करत. पाणी कुठून आलं, हे विचारायची कुणाला गरज पडत नव्हती. उकंडराव लाइनवाल्यांना याचा भारी राग यायचा. बाजाराला खाली उतरले की ते मुद्दाम एखाद्या नळाशी थांबत आणि हंडा लावून उभ्या असलेल्या बाईला सांगत, "माय, हे पाणी मोगलाईतून आलं बरं. परमुलखाचं हाये. सांडू नको." बाई दचकून हंडा बाजूला घ्यायची. मोगलाईचं पाणी प्यायला चालतं की नाही, हे तिला कुठं ठाऊक?

पण बोलणं खोटं नव्हतं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, कारभार इंग्रजांचा आणि हुकूम नागपूरचा. धाड गावाच्या पुढं थोडं गेलं की निजामाची हद्द लागे, तिलाच सगळे मोगलाई म्हणत. तलाव त्या हद्दीत आणि तहान या हद्दीत. दोन सरकारांनी कागदावर सह्या केल्या, तेव्हा कुठं लोखंडी पाइप जमिनीत गेला. हद्द ओलांडणाऱ्या माणसाचं गाठोडं करोडगिरीच्या नाक्यावर सोडून बघत, सुपारीच्या खांडावरसुद्धा जकात घेत. पाणी मात्र त्याच नाक्याच्या बुडाखालून एक पैसा न देता निघून जाई. उकंडरावांना या गोष्टीचं फार हसू यायचं, आणि नाक्यावरच्या शिपायाला ती ते दर फेरीला ऐकवायचे.

लाइन अशी चालायची. तलावाकाठच्या इंजिनघरात कोळशावरचा पंप धापा टाकत पाणी वर ढकलायचा. वाटेत हिंगणमाळचा माथा होता. तिथवर पाण्याला रेटत न्यावं लागे. माथा ओलांडला की ते आपलं आपण उतरणीला लागे आणि घाटावरून थेट गावच्या टाकीत जाई. उतरताना त्याचा जोर एवढा वाढे की पाइपच फुटावेत, म्हणून घाटाच्या मध्यावर एक हौद बांधला होता. पाणी त्यात पडे, दम खाई आणि नव्यानं निघे. पंपावर, हौदावर आणि टाकीवर टेलिफोन होते. टाकी किती भरली हे खालचा माणूस वर कळवी आणि त्या मानानं वरचा माणूस इंजिन चालवी. जागोजाग दाबाचे काटे लावलेले होते. पाइप फुटला तर काटा पडायचा, वाटेत काही अडलं तर मागचा काटा चढायचा.

आणि हिंगणमाळच्या माथ्यावर, सगळ्यात उंच जागी, हवेची पेटी होती. पाण्याबरोबर पाइपात हवाही शिरते. ती हलकी, म्हणून उंच जागा गाठून बसते, आणि बसली की पाण्याला पुढं सरकू देत नाही. ओतीव लोखंडाच्या त्या पेटीत एक पोकळ गोळा असे. हवा साठली की गोळा खाली बसे, वरचं बारीक भोक उघडं पडे आणि हवा फुस्स करून निघून जाई. मागून पाणी आलं की गोळा तरंगे आणि भोक बंद होई. दिवसभर हा उद्योग चाले, आणि त्याला माणूस लागत नसे.

उकंडराव त्या माथ्यालगतच्या हिंगणमाळ गावचेच. त्यांच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईनं यांना जन्मल्याबरोबर उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. लाइनीचं खोदकाम सुरू झालं तेव्हा ते मजुरीला लागले. मिसरूड नुकतंच फुटलेलं, अंगात मस्ती. बाकीचे खड्डा खणून बिडी ओढत बसत, हा पठ्ठ्या पाइपाखाली मऊ माती सारून त्याला निजवल्यासारखा निजवायचा. शिशाचा सांधा ओतला की त्यावरून हात फिरवायचा. ओव्हरसियर भगवंतराव हे सगळं बघत होते. हा माणूस हुशार, शिकलेला, बोलायला कमी. लाइन सुरू झाली तेव्हा त्यांनीच उकंडाला खाकी कोट दिला आणि तलावापासून घाटापर्यंतची राखण सोपवली. कोट अंगावर आला आणि गावातल्या लोकांनी 'राव' लावायला सुरुवात केली. उकंडरावांनी ते थांबवायचा अजिबात प्रयत्न केला नाही.

एक प्रश्न तेवढा राहिला होता. लाइन हिंगणमाळच्या उशाशी गेली, पण हिंगणमाळला नळ नव्हता. गावच्या बायका दरीतल्या झऱ्यावरून घागरी आणत आणि त्यांच्या डोक्यावरून, म्हणजे खरं तर पायाखालून, दुसऱ्याचं पाणी वाहत जाई. गावानं अर्ज केला होता, त्याचं पुढं काही झालं नाही. नगरपालिकेतल्या मोठ्या लोकांना धास्ती वाटे की हे लोक रागानं पाइप फोडतील. माथ्यावर पोलीस चौकी बसवा, हवेच्या पेटीला पिंजरा करा, असं ते म्हणत. तेव्हा उकंडराव भरल्या कचेरीत उभे राहून बोलले होते, "साहेब, चौकी नको अन् पिंजरा बी नको. माह्या गावचा माणूस पाइपाच्या वाईटावर हात उचलणार नाई. ही माही जबान हाये." चौकी बसली नाही. ही जबान उकंडराव कोटापेक्षा जास्त जपत.

आता त्यांच्या घरच्याबद्दल. बायको झुंबरबाई, धाडकडची. अंगानं बारीक, बोलायला ठसठशीत. दोनदा पाळणा बांधला आणि दोनदा सोडून ठेवावा लागला. तेव्हापासून घरात त्या विषयावर कुणी बोलत नसे. उकंडराव लाइनीवर जास्त वेळ काढू लागले आणि झुंबरबाई शेतात.

त्या वर्षी खंडेनवमीला उकंडरावांनी नेहमीप्रमाणे हत्यारं पुजली. पाना, किल्ली, कुदळ, हातोडा. पुजून झाल्यावर त्यांच्या मनात आलं, एवढी हत्यारं पुजायची आणि ज्याच्यासाठी ती आहेत त्याला विसरायचं? ते माथ्यावर गेले, हवेच्या पेटीला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि नमस्कार केला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी गुरं चारायला गेलेल्या बायांनी कुंकू लावलेली काळी पेटी पाहिली. त्या बघत असतानाच पेटी बोलली, फुस्स. बस, एवढं पुरलं. पोळ्यापासून हरवलेला कुणाचा तरी बैल त्याच आठवड्यात सापडला, कुणाच्या तरी लेकराचा ताप उतरला. पुंजाजी भगतानं पेटीला तेलशेंदूर लावला आणि नाव दिलं फुंकोबा. मंगळवार-शनिवार शेंदूर चढू लागला. झुंबरबाईंना दिवस गेले ते त्याच सुमाराला. त्यांनीही गुपचूप जाऊन नवस बोलला, "हे लेकरू पदरात टाक, तुले माह्या हातानं नवा शेंदूर लावीन."

उकंडरावांना हे सगळं दिसत होतं. अडवायला हवं होतं, पण त्यांचा ऊर भरून येई. आपली लाइन देव झाली! कोणत्या लाइनवाल्याच्या नशिबात असतं हे? शेंदराचा थर बोटभर झाला, मग दोन बोटं. थंडीत तो थिजून दगडासारखा झाला. पेटीची फुसफूस बारीक होत होत एक दिवस ऐकू येईनाशी झाली. तेव्हा आमचे उकंडराव काय समजले? पाइपात आता हवाच उरली नाही, एवढी आपली राखण चोख. त्या दिवशी ते घरी आले ते मिशीला पीळ देतच.

होळी झाली, उन्हं तापली आणि खालच्या गावात नळाला धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही नाही. दवाखान्यात पाणी नाही, स्टेशनावर नाही, गल्लीगल्लीत हंड्यांच्या रांगा. हिंगणमाळवाल्यांनी अर्जाचा राग काढला, असं बोलणं सगळीकडे सुरू झालं. भगवंतरावांनी पंपाला टेलिफोन लावला. काटा चढला होता, पडला नव्हता. म्हणजे पाइप फोडलेला नाही, पाणी चोरलेलं नाही, माथ्याजवळ काही तरी अडलं आहे, आणि बहुधा हवाच, हे त्यांनी खुर्चीतून न उठता ताडलं. पण तोवर पोलिसांचा जमादार चार शिपाई, एक घोडं आणि दोरखंड घेऊन निघाला होता. त्याच्यासोबत तेही माथ्यावर आले.

उकंडराव तिथं आधीच पोचले होते. पेटीसमोर उभे होते. शेंदराचा तो लालभडक गोळा बघता क्षणी त्यांना सगळं कळलं होतं. हवा होती. ती आतच होती, आणि तिचं तोंड सगळ्या गावानं मिळून भक्तीनं लिंपून टाकलं होतं.

"किसने बंद किया ये?" जमादार गरजला. गाव गोळा झालं होतं. 

"पहिलं कुंकू माह्या हातचं, जमादार," उकंडराव म्हणाले. "कुणी वाईटावर नाई केलं. मी आत्ता मोकळं करून देतो."

त्यांनी पिशवीतून छिन्नी काढली आणि गीताबाई आडवी आली. गीताबाई म्हणजे गावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं, उकंडराव धरून. "छिन्नी लावतं देवाले? शेंदराचं कवच देव आपल्या मनानं सोडते, माणसानं खरवडाचं नसते. अन् तुही बायको सातव्यात हाये, उकंडा! तिचा नवस याच्यापाशी हाये. दोन गेले ते इसरला काय? तिसऱ्याले काही झालं त मले बोलावू नको, मी येणार नाई!"

उकंडरावांचा हात तिथंच थांबला. ज्या गोष्टीबद्दल घरात कधी चकार शब्द निघाला नव्हता, ती साऱ्या गावासमोर उघड्यावर आली होती.

जमादारानं शिपायांना खूण केली. पेटी मोकळी होत नसेल तर गावातले दहा गडी बांधून खाली न्यायचे, असं त्यानं सांगून टाकलं. भगवंतराव हळूच पुढं आले. "उकंडराव, तुम्ही बाजूला व्हा. मी खालून मजूर आणवतो. पेटीच खणून काढू, नवी बसवू."

"साहेब, परक्या मजुरानं कुदळ घातली त गाव गप्प बसन काय? डोकी फुटतीन. मंग माही जबान कुठी राह्यली?" उकंडराव म्हणाले. छिन्नी चालवावी तर घर जातं, खाली ठेवावी तर गाव जातं. आयुष्यभर ताठ मानेनं चाललेला माणूस मान खाली घालून उभा राहिला. मला विचाराल तर त्यांनी त्या दिवशी रडायला हवं होतं, पण कोट अंगावर होता.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. झुंबरबाई येत होत्या. झऱ्यावर डोक्यावरून पाणी घेऊन तशाच ओल्या लुगड्यानं चढण चढलेल्या. एका हातात वाटी, शेंदूर सोडवायचा आहे हे ऐकून घरी चुलीवर तापवलेल्या तेलाची. पोट पुढं आलेलं, श्वास लागलेला. त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही, सरळ नवऱ्याला विचारलं, "काय झालं आतमंदी? मले समजन असं सांगा."

"आत वारा कोंडला," उकंडराव म्हणाले. "त्याले बाहीर यायले जागा नाई राह्यली. तो निघत नाई तवर पाणी पुढं जात नाई."

"म्हंजे याले श्वास घेता येऊन नाई राह्यला."

"हाव. तसंच समज."

झुंबरबाई भगताकडे वळल्या. "पुंजाजीबाबा, देवाचं कवच सुटलं म्हंजे तुमी काय करता?"

"ओटीत घेऊन नदीत सोडाचं. देवाले न्हाऊ घालाचं, नवा शेंदूर लावाचा. मोठं पुण्याचं काम असते ते," पुंजाजी म्हणाला. "पण ते आपल्यानं सुटाले पाह्यजे, बाई."

"थकल्या माणसाले अंगरखा आपल्यानं उतरवता येत नाई, तवा घरचं कोणी उतरवते ना? देव त आपल्या घरचाच हाये. त्याले जड झालं, बाबा. किती दिसापासून बोलला नाई तो. आपण कोणी इचारलं काय त्याले?" पुंजाजी एक पाऊल मागं सरला. झुंबरबाई पुढं बोलल्या आणि आता त्या गीताबाईकडे बघत होत्या. "नवस माहा हाये. नवा शेंदूर माह्या हातानं लावाचा बोलली होती, त जुना बी माह्याच हातानं उतरवीन. दोष लागला त मले लागू दे. मावशी, दोन लेकरं मी मातीत देली. आत जीव कोंडला म्हंजे काय होते, ते मले नको सांगू."

 गीताबाईनं तोंडाला पदर लावला, पण ती वाटेतून सरकली.

झुंबरबाई पेटीसमोर बसल्या आणि कोमट तेल थेंबाथेंबानं शेंदरावर सोडू लागल्या. उन्हानं आणि तेलानं तो थर मऊ पडत गेला. त्या बोटांनी त्याच्या कडा सोडवत होत्या, लेकराच्या डोक्यावरची खपली काढावी तशा. उकंडराव शेजारी गुडघे टेकून बसले. छिन्नी त्यांनी मागं फेकून दिली होती. एकेक तुकडा निघायचा, झुंबरबाई तो ओटीत घ्यायच्या. अखेर मोठा पापुद्रा आख्खाच्या आख्खा सुटून हातात आला आणि खाली पितळेचं बारीक भोक दिसलं. तेही भरलेलं. उकंडरावांनी बाभळीचा काटा घेतला आणि अलगद आत घातला.

आधी नुसती शीळ वाजली. मग फुस्स. आणि मग असा काही आवाज उठला की शिपायांचं घोडं दोर तोडून पळालं. कोंडलेला वारा तेल, शेंदूर, भोकातला मळ सगळं घेऊन उसळला. झुंबरबाईंचं कपाळ लाल झालं, उकंडरावांची मिशी लाल झाली, जमादाराच्या पांढऱ्या फेट्यावर ठिपके उठले. गाव हात जोडून उभं होतं. जमादारानंही पायातले बूट काढले होते, पण ते कधी काढले हे त्याला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. आवाज चालला, चालला, मग बारीक झाला. दोन थेंब पाणी उडालं. आत गोळा वर जाऊन ठक्क करून बसला आणि जमिनीखालून पाणी उताराला लागल्याची घरघर पायांना कळली.

भगवंतरावांनी डोक्यावरची टोपी काढली. "जमादारसाहेब," ते म्हणाले, "गावातल्या कुणीही पाइपाला अपाय केलेला नाही. मी लिहून देतो." मग उकंडरावांकडे वळून म्हणाले, "तुमची जबान खरी होती."

"माही नाई, साहेब," उकंडराव म्हणाले आणि बायकोकडे बोट केलं.  त्या माणसाला लाइनीचा अभिमान होता, कोटाचा होता, मिशीचा होता. पण ओटीत देवाचं कवच घेऊन, एक हात जमिनीला टेकून उठणाऱ्या त्या बारक्या बाईचा जो अभिमान त्यांना वाटला, त्यापुढं बाकी सगळं फिकं पडलं. मग त्यांनी असं केलं, जे त्या काळी कुणी नवरा चारचौघांत करत नसे. पुढं होऊन तिला हाताला धरून उठवलं.

कवच त्याच दिवशी वाजतगाजत नदीत सोडलं. भगवंतरावांनी पेटीच्या भोकावर बगळ्याच्या मानेसारखी वाकडी नळी बसवून दिली. शेजारी गावानं ओटा बांधला. त्यावर दगडाचा फुंकोबा बसला, आणि पेटीला फक्त फूल वाहायचं असं ठरलं. पुढं भगवंतरावांनी नागपूरपर्यंत लिहिलं आणि हिंगणमाळला नळही मिळाला. उकंडरावांनी त्या लाइनीवर सारी नोकरी काढली. पोलीस चौकी कधी बसली नाही. पण हे सगळं नंतरचं. त्या उन्हाळ्यात मात्र त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती ते कुणाला सांगत नव्हते. गीताबाईचे शब्द.

ज्येष्ठात एका सकाळी झुंबरबाईंना कळा सुरू झाल्या. आत शेजारणी, बाहेर उकंडराव. सुईण बोलवायला जायचं त्यांना धाडस होईना. कोणत्या तोंडानं जाणार? ते उठत होते, बसत होते. तेवढ्यात वाटेवर गीताबाई दिसली. काखेत गाठोडं, पायांत वहाणा नाहीत, आणि एवढी म्हातारी बाई चक्क पळत येत होती. "मले काऊन नाई सांगितलं बे, मुर्दाडा?" एवढं ओरडून ती त्यांना ढकलून आत शिरली.

उन्हं अंगणभर आली. आतून बायांचे आवाज येत होते, मग तेही थांबले. उकंडराव भिंतीला हात लावून उभे राहिले. आणि मग ते आलं. एक कोवळं, चिडकं, सलग रडणं.

गीताबाई बाहेर आली. तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. "पोरगी हाये. धडधाकट हाये. बायको बी चांगली हाये," ती म्हणाली आणि उंबऱ्यावरच मटकन बसली. "मी त्या दिशी लय बोलली रे, उकंडा. दोन महिने माह्या डोळ्याले डोळा नाई लागला. आता मी फुंकोबाले काय सांगू?"

"काही नको सांगू, मावशी," उकंडराव म्हणाले. सांगताना त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. "पोरीले घेऊन त्याच्यापाशी तूच जाय. पहिल्यांदा तुह्याच हातानं त्याच्या पायावर घाल."